कारकुनावाचून साहेब

काचेवर टिचकी मारू नका. ऐकू येतं मला. मी साहेब बोलतोय.

इकडेतिकडे बघू नका, खाली बघा. टाकीच्या डाव्या अर्ध्यात जो निळा मासा तोऱ्यात फिरतोय ना, तो मी. तुम्ही शिवायला टाकलेले कपडे न्यायला आलात, आणि धाकटी आतल्या खोलीत त्यांना इस्त्री करतेय. ती घाईत इस्त्री करणारी बाई नाही. तेव्हा त्या खुर्चीवर टेका आणि माझं ऐका. माझं तुमच्याकडे एक काम आहे. ते शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं तर तुम्हाला त्यातलं काही कळणार नाही.

आधी माझं रूप नीट बघून घ्या. अंग निळं, उन्हाची तिरीप आली की त्यात पिवळी झाक दिसते. डोळ्यापासून तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी काळी पट्टी. कल्ल्यामागे तांबडा डाग. आणि पोटाखाली मागच्या बाजूला जो पर आहे, त्यावर हे नारिंगी ठिपके, गोल गोल, अगदी अंडी ठेवल्यासारखे. आत्मस्तुती वाईट असते म्हणतात, पण खोटं तरी का बोलू? देखणा आहे मी.

मात्र हा रंग कायमचा नव्हे. आमच्या जातीच्या नराचा रंग त्याच्या दिवसांप्रमाणे येतो-जातो. चार हात जागेवर त्याचा हुकूम चालत असला, समोर कुणी टक्कर द्यायला असलं, की रंग चढतो. नाहीतर उतरतो. मग तोच मासा ओल्या मातीसारखा राखाडी दिसतो, पट्टी पुसली जाते, आणि ओळखीचे लोकही विचारतात, हा कोण? माणसांचं बरं असतं. नोकरी गेली तरी शर्टाचा रंग तोच राहतो.

आमचं मूळ आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यात आहे, असं मासेवाला सांगायचा. मी ते तळं पाहिलेलं नाही. मी पाहिलेली पहिली जागा म्हणजे आईचं तोंड. आमच्याकडे आई अंडी तोंडात धरते, आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत घासभरही खात नाही. गाल फुगलेले, हनुवटी सुटलेली, अंग वाळत चाललेलं, पण तोंड उघडायची नाही. पुढे पिल्लं बाहेर हिंडायला लागली तरी धोका दिसला की पुन्हा सगळी आत. तो अंधार मला अजून आठवतो. उबदार, अरुंद, आणि सतत ढकलाढकल. आयुष्यातलं पहिलं भांडण मी तिथेच केलं, बहुधा माझ्या सख्ख्या भावाशी.

मोठा झाल्यावर मासेवाल्याच्या दुकानात आलो. तिथे एके दिवशी धाकटी आली. हिला धाकटी म्हणतात कारण ही घरातली धाकटी सून. हिच्या मोठ्या जावेला सगळे थोरली म्हणत. दोघींचे नवरे भाऊ-भाऊ, दोघेही तोंडातून शब्द न काढणारे. दोघांच्या वाटचं बोलणं त्यामुळे दोघींनाच करावं लागे, आणि ते त्या मनापासून करत.

"बाई, हे आफ्रिकन सिक्लिड आहेत," मासेवाल्याने तिला आधीच सांगून टाकलं. "दिसतात छान, पण तापट. यांचं एकमेकांशी पटत नाही. मागाहून तक्रार नको."

"द्या हो," धाकटी म्हणाली. "मला घरात सवय आहे."

असा मी, आणखी एक नर आणि चार माद्या, एका पिशवीतून दोघी जावांच्या शिलाईच्या दुकानात आलो.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याकडच्या टोकाला थोरलीचं कापायचं टेबल, दुसऱ्या टोकाला धाकटीचं मशीन, मागे पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा आणि तिथे पुरुषभर उंचीचा आरसा. थोरली कापायची, धाकटी शिवायची. थोरलीने पिशवी पाहिली आणि हातातला खडू खाली ठेवला.

"शिलाईच्या दुकानात पाणी? उद्या कुणाच्या रेशमावर सांडलं तर भरून कोण देणार, हे मासे?"

"अहो ताई, गिऱ्हाईक थांबतं तेव्हा त्याला बघायला काहीतरी नको का? तुमचं तोंड किती वेळ बघतील?"

"माझ्या तोंडाला काय झालंय?"

"काही नाही. फक्त ते पोहत नाही."

थोरली दिवसभर फुगून बसली. पण संध्याकाळी टाकी कुठे ठेवायची हा प्रश्न आला तेव्हा तिनेच टेप घेऊन जागा मोजली आणि टेबल आणि मशीन यांच्या बरोबर मध्ये आम्हाला बसवलं. वरचं झाकण तिला फार सोयीचं पडलं. चष्मा काढून ठेवायला ती तीच जागा वापरू लागली. चष्मा लावणं तिला आवडायचं नाही, म्हणून तो तिच्या नाकावर कमी आणि माझ्या डोक्यावर जास्त असे.

टाकीचा उजवा कोपरा मी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला. तिथे दगडाशी खड्डा खणला. आमचं खणणं म्हणजे तोंडभर वाळू घ्यायची, लांब जाऊन थुंकायची, परत यायचं. धाकटी मशीन थांबवून बघत बसे. मादी जवळून गेली की मी अंग थरथरवायचो, शेपटीने पाणी घुसळायचो आणि वळून खड्ड्याकडे निघायचो, या, जागा तर बघून जा! एखादी यायची. अंडी घालायची, लगेच तोंडात उचलायची, आणि माझ्या परावरचे ठिपके बघून तिला वाटायचं, अरे, ही राहिलीच की. ती उचलायला ती तोंड जवळ आणायची, आणि त्या गडबडीत आमचा संसार होऊन जायचा. थोरली एकदा म्हणालीही, "फसवाफसवी आहे ही."

"सगळीकडे तशीच असते, ताई," धाकटी म्हणाली, आणि दोघी कधी नव्हे त्या एकदम हसल्या.

आता त्या दुसऱ्या नराबद्दल. त्याला धाकटीने नाव दिलं कारकून, आणि मी त्याच्यावर डाफरायचो म्हणून मी साहेब. कारकून मान खाली घालून फिरायचा, माद्यांच्या घोळक्यात त्यांच्यासारखाच राखाडी होऊन मिसळायचा, आणि मी दिसलो की पाण्याच्या पाइपामागे जायचा. बिचारा, असं तुम्ही म्हणाल. थांबा. टाकी धुवायची असली की मला आधी बादलीत काढत. परत येऊन बघतो तर कारकून माझ्या खड्ड्यावर! अंगावर माझाच निळा रंग, डोळ्याखाली काळी पट्टी, आणि माद्यांना जागा दाखवणं चाललेलं. एका बादलीच्या वेळात हा माणूस, म्हणजे मासा, साहेब होऊन बसायचा. मग जी जुंपायची! तोंडात तोंड अडकवून आम्ही टाकीभर एकमेकांना ओढायचो. शेवटी त्याची पट्टी फिकी व्हायची, तो वळायचा आणि पाइपामागे जायचा.

"मारून टाकेल तो त्याला," थोरली कळवळून म्हणायची. "वेगळं काढ बाई त्याला. कसलं हे जिणं!"

"काही मारत नाही. बघा ना, पळतो पण लांब जात नाही. मागे एवढी जागा मोकळी आहे, तरी इथेच घोटाळतो."

धाकटीचं बरोबर होतं. पाइपामागून कारकुनाचा एक डोळा कायम माझ्यावर असे. आणि माझा त्याच्यावर. सकाळी दिवा लागला की मी आधी खड्डा बघायचो नाही, माद्या बघायचो नाही. आधी बघायचो, तो आहे ना.

दोघी जावांचंही तसंच होतं, पण ते मला फार उशिरा समजलं. थोरलीला पंखा नको असे, कापड उडतं. धाकटीला पंखा हवा असे, मशीनपाशी उकडतं. दिवसभर तो पंखा चालू-बंद व्हायचा. शिवून झालेला प्रत्येक कपडा थोरली हातात घेऊन शिवणीवरून बोट फिरवायची. "बाहीला झोल आहे. उसव." "झोल शिलाईत नाही, तुमच्या कापण्यात आहे." "उसव म्हणते ना." मग धाकटी पुटपुटत उसवायची आणि पुन्हा शिवायची, आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर तो कपडा असा बसायचा की ते आरशासमोरून हलत नसे. थोरलीच्या कात्रीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ती फक्त कापडाची कात्री होती. धाकटी कधीतरी घाईत त्याच कात्रीने कागद कापायची, आणि त्यावरून जे व्हायचं ते रस्त्यापलीकडच्या लोकांना ऐकू जायचं. पण चहाच्या वेळी थोरली दोन कप भरायची आणि धाकटीच्या कपात साखर स्वतः ढवळून द्यायची. माणसांना वाटतं भांडण म्हणजे नावड. मी टाकीतून जेवढं पाहिलं, त्यावरून मला तसं वाटत नाही.

मग तो काळ्या कोटाचा प्रसंग झाला.

एक वकीलबाई कोट शिवायला टाकून गेल्या होत्या. थोरलीने माप बघून कोट कापला. ती कापत होती तेव्हा तिचा चष्मा माझ्या डोक्यावर, झाकणावर पडलेला होता. मला खालून त्याच्या दोन्ही काचा दिसत होत्या. धाकटीने कोट शिवला. वकीलबाई आल्या, कोट चढवला, हात वर करायला गेल्या आणि हात अर्ध्यात अडकला.

"अहो, काखेत दाटतंय. मी कोर्टात काय हात बांधून उभी राहू?"

थोरलीचा चेहरा लाल झाला. दुकानात आणखी दोन बायका बसल्या होत्या. "मी बरोबर कापलंय," ती म्हणाली. "हिने शिवताना ओढलंय. माझी कात्रीसुद्धा कागद कापून कापून हिनेच बोथट केली. शिकवून शिकवून थकले मी, पण हाताला वळणच नाही हिच्या."

मशीनचा आवाज थांबला. मी वाट बघत राहिलो. आता धाकटी काय ठेवून देते! पण ती नुसती उठली, वकीलबाईंच्या अंगावरून कोट उतरवून घेतला आणि म्हणाली, "उद्या या बाई, काखेत जोड लावून नीट करून ठेवते."

कारकून एखाद्या दिवशी उलटलाच नसता तर मला जेवढी भीती वाटली असती, तेवढी मला त्या क्षणी वाटली.

सगळे गेल्यावर धाकटी मागे हात धुवायला गेली. थोरलीने चष्मा उचलला, डोळ्यांवर चढवला, कोटाचे उरलेले तुकडे टेबलावर पसरले आणि टेप लावला. पुन्हा लावला. मग ती खाली बसली. धाकटी परत आली तेव्हा थोरलीने तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि म्हणाली, "पंखा बंद कर."

तिला दुसरंच म्हणायचं होतं. मी काचेला नाक लावून बघत होतो, तिला नक्की दुसरंच म्हणायचं होतं. धाकटीने निमूटपणे पंखा बंद केला.

धाकटीच्या नवऱ्याला कारखान्याजवळ शहराच्या दुसऱ्या टोकाला एक घर मिळत होतं. तो कधीपासून विचारत होता आणि ही नको म्हणत होती. त्या आठवड्यात ती हो म्हणाली. दोघा भावांनी मिळून मशीन टेम्पोत चढवलं. शेवटी धाकटी जाळी आणि झाकणाची बादली घेऊन टाकीपाशी आली.

"मासे नेतेस?" थोरलीने विचारलं.

"मीच आणले होते ना? आणि तुम्हीच म्हणायचात, वेगळं काढ त्याला. काढते." तिने कारकुनाला जाळीत घेतलं. मग एकेक करून चारही माद्या.

"आणि हा?"

"हा राहू दे तुमच्याकडे. तुमच्यासारखाच आहे. त्याला कुणी नकोच असतं."

 टेम्पो गेला.

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. सगळी टाकी माझी! मी या टोकापासून त्या टोकापर्यंत छाती काढून फिरलो. पाइपामागे गेलो, तिथेही कुणी नाही. मग पुन्हा गेलो. दिवसभर मी पाइपामागे जाऊन येत होतो. दुसऱ्या सकाळी दिवा लागला तेव्हा मी नेहमीसारखं तिकडे बघितलं, आणि मग कुठे बघायचं ते मला कळेना.

रंग उतरायला लागला. आधी तांबडा डाग गेला, मग निळा फिका पडला, आणि एके सकाळी काचेत बघतो तर पट्टीच नाही. खड्डा वाळूने भरत आला, मला तो उकरावासा वाटेना. कुणापासून राखायचा? कुणाला दाखवायचा?

थोरली घाबरली. तिने पाणी बदललं. मासेवाल्याकडून औषध आणून टाकलं, त्याने पाणी पिवळं झालं आणि मीही. रंग आणणारं खाणं आणलं. दिवा बदलला. "काय होतंय तुला?" ती विचारायची. "कसला त्रास आहे? आता तर तुला कुणाची कटकट नाही."

तिलाही आता कुणाची कटकट नव्हती. ती एकटीच कापायची आणि नव्या मशीनवर एकटीच शिवायची. पंखा दिवसभर बंद. शिवून झालं की शिवणीवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, "झोल आहे." मग थोडं थांबायची. धाकटीच्या रिकाम्या स्टुलाकडे बघायची. आणि धाकटीच्या आवाजात म्हणायची, "झोल तुमच्या कापण्यात आहे." मग आपल्या आवाजात, "उसव म्हणते ना." आणि उसवायला बसायची. तिला वाटायचं, दुकानात कुणी नाही. मी होतो.

धाकटीचं मशीन हलल्यावर तो कोपरा फार ओका दिसू लागला, म्हणून थोरलीने एक दिवस पडद्यामागचा उंच आरसा ओढत आणून तिथे उभा केला. मी सहज वळलो, आणि समोर एक नर! माझ्याएवढाच. माझ्याकडेच बघत होता. अंगातून सरसरून काहीतरी गेलं. पट्टी आली. निळा रंग आला. मी धडक मारली, त्यानेही मारली. पर फुलवले, त्यानेही फुलवले. थोरली टाळ्या पिटायची बाकी होती. "आला! रंग आला माझ्या साहेबाला!"

काही दिवस मी त्याच्याशी लढत होतो. सकाळपासून दिवा मालवेपर्यंत. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, हा काही खरा नाही. कारकून कधी नसत्या वेळी अंगावर यायचा, कधी खोटाच पळायचा आणि मागून वळायचा. हा कधी आपणहून काही करत नव्हता. मी केलं की करायचा, मी थांबलो की थांबायचा. त्याला हरवता येत नव्हतं, त्याच्याकडून हरताही येत नव्हतं. आणि पाण्यात त्याचा वास नव्हता. आमच्यात वासाला फार महत्त्व आहे. धडका मारून माझं नाक सोलवटलं, तरी मी मारतच होतो, कारण थांबलो की पुन्हा कुणीच नव्हतं.

एक दिवस दुपारी थोरली एक बाही हातात घेऊन स्टुलाशी भांडत होती. "एवढा पुढचा गळा कुणी खाली घेतला? तूच." मग दुसऱ्या आवाजात, "तुम्हीच खुणा केल्यात." बोलता बोलता तिची मान वर झाली आणि आरशात तिला तिचंच तोंड दिसलं, दुसरीचं बोलणं बोलणारं. तिने बाही खाली ठेवली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच आरशाकडे तोंड करून काचेला धडका देत होतो, ओठाची साल निघालेली.

 मग अस्तराचं कापड घेऊन तिने आरसा झाकून टाकला, आणि फोन उचलला.

"हं, मी बोलतेय. तुझा मासा घेऊन जा. नाही, आजारी नाही. घेऊन जा म्हणजे घेऊन जा, उगाच प्रश्न विचारू नकोस."

फोन ठेवून ती टाकीपाशी आली, अगदी जवळ. तिच्या श्वासाने काच धुरकट झाली. "जा बाबा," ती म्हणाली. "तू तरी जा. एकट्याने नाही जमत रे, मला माहीत आहे. आणि तिला सांग, माप माझंच चुकलं होतं. चष्मा लावला नव्हता मी. त्या बायकांसमोर मला... सांग तिला, दुकानात करमत नाही म्हणावं." मग आपण कुणाशी बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं. ती हसली, आणि हातातल्या फडक्याने आधी काच पुसली, मग डोळे.

मला वाटलं, धाकटी आल्यावर ती हेच सगळं तिला सांगेल. धाकटी आली. दारातच थांबली. आणि मग जे झालं ते मला अजून बघवत नाही.

"ये, बस," थोरली म्हणाली. "पाणी घेणार?"

"नको ताई, त्रास नको."

"घरी सगळे बरे?"

"हो, बरे आहेत. तुमची तब्येत?"

"चांगली आहे. काम कसं चाललंय?"

"छान चाललंय. बरीच गिऱ्हाइकं आहेत."

"वा. छान."

इतक्या सभ्यपणे मी त्या दोघींना कधी बोलताना ऐकलं नव्हतं. कुणी पंख्याचं नाव काढलं नाही. धाकटीच्या बाहीची दुमड थोडी तिरकी होती, थोरलीची नजर तिथे गेली, बोट उचललं गेलं आणि तिने ते परत घेतलं. धाकटीने ते पाहिलं. तिने मुद्दाम हात पुढे करून ठेवला होता, असं मला वाटलं. पण परक्या माणसाच्या कपड्यांना कोण नावं ठेवतं?

धाकटीने मला जाळीत घेतलं. पिशवीत पाणी, पाण्यात मी. दारापर्यंत थोरली आली. "सांभाळून ने," एवढंच म्हणाली.

बसमध्ये पिशवी धाकटीच्या मांडीवर होती. मी तोंड उघडून उघडून सांगत होतो. माप तिचंच चुकलं होतं! दुकानात करमत नाही तिला! धाकटी म्हणाली, "भूक लागली वाटतं तुला."

आणि इथे घरी आल्यावर ती नवऱ्याला काय म्हणाली माहीत आहे? "माझी एवढी एकच वस्तू राहिली होती तिथे. तीही त्यांनी काढून दिली. आता काही म्हणता काही नको माझं त्यांना." नवरा शब्द न काढणारा. त्याने टाकीच्या मधोमध काच बसवली, म्हणजे आम्ही एकमेकांना खाणार नाही, पाणी जायला खाली फट ठेवली, आणि मला या बाजूला सोडलं.

ती बघा काचेपलीकडे, माझी टक्कर. कारकून. आता त्याला कारकून म्हणायची सोय राहिलेली नाही. निळा आहे, पट्टी आहे, खड्डा आहे. मला बघून क्षणभर त्याचा रंग उडाला, जुनी सवय. मग असा उसळला की काच हादरली. आणि पाण्यात त्याचा वास होता! फटीतून आला, खरा, ओळखीचा, संतापलेला. मला तेवढ्यात रंग चढला. तेव्हापासून आम्ही दिवसभर या काचेच्या दोन्ही बाजूंनी भांडतोय. कधी तो आधी येतो, कधी मी. माझं सगळं मिळालं मला.

पण मला चैन नाही. सगळी माणसं मिळून जेवढं देतील त्यापेक्षा जास्त मला त्या बाईने दिलं, आणि ती तिथे आरसा झाकून एकटी बसली आहे. तिने तिच्या मनातलं माझ्याजवळ दिलं आणि मी ते अजून पोटात घेऊन फिरतोय. आणि ही इकडे. हिच्याकडे सगळे येतात आणि सगळे म्हणतात, छान झालंय. हिने नवी कात्री घेतली, कापडाची, चांगली धारदार. एक दिवस मी बघितलं, हिने मुद्दाम त्याच कात्रीने जाड पुठ्ठा कापला आणि दाराकडे बघितलं. कुणी ओरडलं नाही. मग कात्री ठेवून दिली आणि तशीच बसून राहिली.

दोघींची आठवण मला एकदमच येते. टेबल आणि मशीन यांच्या बरोबर मध्ये मी होतो ना, मला दोघींचा आवाज दोन्ही कानांनी ऐकायची सवय. नुसता एकीकडून आवाज आला की पाणी कलंडल्यासारखं वाटतं.

इस्त्रीचा आवाज थांबला. आता माझं काम ऐका.

ती कपडे घेऊन येईल. तुम्ही ते घालून बघाल आणि तोंडावर येईल, छान झालंय. तसं म्हणू नका. म्हणा, गळ्याशी दाटतंय, माप कुणी घेतलं? ती चमकून वर बघेल. तिच्या डोळ्यांत तुम्हाला काहीतरी पेटलेलं दिसेल. ते दिसलं की लगेच सांगा, त्या काळ्या कोटाचं माप थोरलीचंच चुकलं होतं, ती स्वतः म्हणाली, आणि तिला दुकानात करमत नाही. कुणी सांगितलं असं विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवा. तिने वेड्यात काढलं तरी चालेल, पण सांगितल्याशिवाय जाऊ नका. माझा आवाज तिला ऐकू येत नाही हो.

आली बघा ती. उठा.